टपाल तिकिटाचे दाते: मोजण्याआधी कोपरे बघा

कॅटलॉग उघडला की एकाच चित्राच्या, एकाच किमतीच्या आणि एकाच रंगाच्या तिकिटाला दोन-तीन वेगळे क्रमांक दिलेले दिसतात. त्यांच्यातला फरक म्हणून पुढे फक्त ‘14’, ‘13½’ किंवा ‘13×13½’ असा आकडा असतो. एका क्रमांकाची किंमत चहाच्या कपाएवढी आणि दुसऱ्याची महिन्याच्या किराण्याएवढी असू शकते. हा आकडा छिद्रांचा, म्हणजे पर्फोरेशनचा (थोडक्यात ‘पर्फ’). या छिद्रांवरून फाडून तिकीट सुटे केले की कडेला दाते उरतात. तो नीट काढता आला की जुन्या अल्बममधल्या ‘डुप्लिकेट’ तिकिटांत खरोखर वेगळी तिकिटे सापडू लागतात.

पहिली गोष्ट: तिकिटाच्या एका बाजूवर एकूण किती छिद्रे आहेत, याचा हा आकडा नाही. 20 मिलिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात, ते हे माप सांगते. पॅरिसच्या डॉ. लग्राँ यांनी 1866 मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही जगभर तीच चालते. 14 पर्फ म्हणजे दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमध्ये साधारण 1.43 मिमी अंतर, 13½ म्हणजे 1.48, 13 म्हणजे 1.54 आणि 11½ म्हणजे 1.74. 14 आणि 13½ यांच्यातला फरक एका छिद्रामागे फक्त पाच शतांश मिलिमीटर आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. पूर्ण बाजूभर साठत गेला की मगच जाणवतो. म्हणून मोजताना दोन-चार छिद्रे जुळली म्हणून समाधान मानू नका, बाजूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळवा.

काय काय लागेल

चपट्या टोकाचा चिमटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, गुळगुळीत काळा कागद किंवा कार्ड, स्टीलची मिलिमीटर पट्टी आणि पर्फोरेशन गेज, म्हणजे छिद्रांचे माप घेण्याची पट्टी. गेज दोन प्रकारचे मिळतात. एकात प्रत्येक मापाची वेगळी ओळ असते आणि त्या ओळीवर ठिपके किंवा रेघा असतात. हा पुठ्ठ्याचा, धातूचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. दुसरा पारदर्शक असतो आणि त्यावरच्या रेषा तिरप्या पसरत जातात. तो तिकिटावर ठेवून वर-खाली सरकवत नेला की माप दशांशापर्यंत वाचता येते. ब्रिटिश कॅटलॉग काढणाऱ्या स्टॅन्ली गिबन्सचा इन्स्टँटा हा याच जातीचा. अर्ध्या मापाचा फरक शोधायचा असेल तर पारदर्शक गेजच घ्यावा. पुठ्ठ्याच्या गेजवर 13¼ चे तिकीट 13 लाही ‘जवळजवळ’ बसते आणि 13½ लाही.

इंटरनेटवरून गेज उतरवून प्रिंट काढण्याचा मोह होतो. त्यात धोका असा की प्रिंटर पान आपोआप थोडे लहान करतो. 3 टक्क्यांनी आकसलेल्या गेजवर 13½ चे तिकीट 13 च्या ओळीवर जाऊन बसेल. गेज कुठलाही असो, आधी तपासा: 10 च्या ओळीवरील दहा अंतरे स्टीलच्या पट्टीवर नेमकी 20 मिमी भरली पाहिजेत. दुसरी तपासणी माहितीतल्या तिकिटाने करता येते. पाचव्या जॉर्जच्या काळातले एखादे स्वस्त, वापरलेले छोट्या किमतीचे भारतीय तिकीट घ्या. ते 14 यायला हवे. नाही आले तर गेज फेकून द्या, तिकिटावर शंका घेऊ नका.

आधी यंत्र ओळखा

बहुतेकजण थेट गेजकडे धावतात. पण दोन तिकिटांचे माप एकच असूनही ती वेगळ्या यंत्रांवर दाते पाडलेली, आणि म्हणून वेगळे प्रकार, असू शकतात. यंत्र ओळखायची जागा म्हणजे कोपरा.

रेषेच्या यंत्रात सुयांची एकच लांब रांग असते. शीट एकदा आडवे जाते, आडव्या सगळ्या ओळी पडतात. मग ते फिरवून उभ्या ओळी पाडतात. दोन्ही रांगा एकमेकींना कुठे छेदतील यावर कोणाचाच ताबा नसतो. कधी छेदाच्या जागी दोन छिद्रे एकमेकांवर चढतात आणि कोपऱ्यात आठच्या आकड्यासारखे भगदाड पडते. कधी छिद्र येतच नाही आणि कोपऱ्याला जाड, बोथट दाता उरतो.

कंगव्याच्या यंत्रात, ज्याला सगळे कॉम्ब म्हणतात, आडवी रांग आणि तिला काटकोनात जोडलेल्या आखूड उभ्या रांगा एकाच साच्यात बसवलेल्या असतात. एका ठोक्यात तिकिटांच्या पूर्ण ओळीची वरची कड आणि प्रत्येक तिकिटाच्या दोन्ही उभ्या बाजू पडतात. शीट पुढे सरकते आणि पुढच्या ठोक्यातली आडवी रांग आधीच्या ओळीची खालची कड पुरी करते. कोपऱ्यावरचे छिद्र साच्यातच ठरलेले असल्याने ते चारही शेजाऱ्यांत सारखे वाटले जाते. सुटे तिकीट काळ्या कार्डावर ठेवून भिंगातून बघितले तर प्रत्येक कोपऱ्याला छिद्राच्या पावभागाची गोल खाच दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे दाते सारख्या रुंदीचे असतात. तिसरा प्रकार हॅरो: पूर्ण शीट किंवा मिनिएचर शीट (एक-दोन तिकिटांचे छोटे शीट) एकाच ठोक्यात. त्याचेही कोपरे निर्दोष असतात. म्हणून सुट्या तिकिटावरून कॉम्ब आणि हॅरो वेगळे सांगता येत नाहीत. त्यासाठी शीटची कड लागते. ती हाताशी असेल तर बघा की छिद्रे कडेच्या कोऱ्या पट्टीतून आरपार गेली आहेत, की एखादेच जादा छिद्र पट्टीत डोकावते आहे, की पट्टी साफ कोरी आहे. वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे या चौघांची जुळणी कॉम्ब कुठून कुठे सरकला ते सांगते.

कोपरे बघताना दोन चुका होतात. रेषेच्या तिकिटाचा एखादा कोपरा योगायोगाने सुरेख जुळतो, आणि लोक त्याला कॉम्ब म्हणून मोकळे होतात. म्हणून चारही कोपरे बघायचे. उलट बाजूने, कॉम्बचे यंत्र शीट सरकवताना घसरले की दोन ठोक्यांच्या सांध्यावर दाता जाड किंवा बारीक होतो, आणि ते तिकीट रेषेचे वाटू लागते. पण त्यात एक शिस्त असते: बिघडलेले दोन्ही कोपरे एकाच कडेचे असतात आणि दोन्ही सारखेच बिघडलेले असतात. रेषेच्या यंत्रात चार कोपऱ्यांच्या चार तऱ्हा होतात.

एकाच तिकिटाच्या दहा-बारा प्रती असतील तर त्याहून सोपी परीक्षा आहे. प्रत्येकाच्या वरच्या कडेवरची छिद्रे मोजा, मग एका उभ्या बाजूवरची. कॉम्बची तिकिटे प्रत्येक वेळी तोच आकडा देतात आणि एकावर एक ठेवली की बाहेरची कड बरोबर जुळते. रेषेच्या तिकिटांत एखाद्या प्रतीवर एक छिद्र कमी-जास्त निघते आणि तिकिटांच्या आकारातही मिलिमीटरच्या अंशांचा फरक पडतो.

मग माप घ्या

तिकीट कोरडे आणि सपाट हवे. पाकिटावरून भिजवून काढलेले तिकीट पूर्ण वाळून, जड पुस्तकाखाली एक रात्र दाबून मगच मोजा. कागद ओला झाला की फुगतो, आणि फुगण्याचे प्रमाण तंतूंच्या दिशेत कमी, आडव्या दिशेत जास्त असते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बाहेर ठेवलेले तिकीटही थोडे पसरते आणि डिंकामुळे वळते. वळलेल्या तिकिटाची बाजू गेजवर आखूड भासते आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. त्या दिवसांत मोजायचेच असेल तर काचेच्या पातळ तुकड्याखाली दाबून मोजा. मागे जुना हिंज, म्हणजे तिकीट अल्बमला लावायचा डिंकाच्या कागदाचा तुकडा, जाड चिकटलेला असेल तर त्याचाही असाच परिणाम होतो.

वरची कड गेजवर ठेवा. डावीकडच्या पहिल्या पूर्ण छिद्राचा मध्य रेघेवर आणा आणि नजर सरळ उजव्या टोकाला न्या. उजवीकडचे शेवटचे छिद्रही रेघेवर बसले आणि मधले एकही सरकले नाही, तर ते माप. उजवीकडे जाता जाता छिद्रे रेघांच्या पुढे पळू लागली तर तिकिटाचे अंतर गेजच्या ओळीपेक्षा मोठे आहे. म्हणजे खालच्या आकड्याकडे जा. मागे पडू लागली तर वरच्या आकड्याकडे. कोपऱ्यावरच्या अर्धवट छिद्रापासून कधीही सुरुवात करू नका. रेषेच्या तिकिटात ते छिद्र फसवे असते.

आता दुसरी बाजू. चारही बाजू मोजायच्या, फक्त दोन नव्हे. मापे लिहिण्याची रीत अशी: आडव्या बाजूचा आकडा आधी, उभ्या बाजूचा नंतर. 14×13½ म्हणजे वर-खाली 14 आणि डावी-उजवीकडे 13½. चारही बाजू वेगळ्या असतील तर वरून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेने लिहितात. चित्र डोळ्यांसमोर सरळ ठेवूनच ‘आडवी’ बाजू ठरवा. तिकीट छापताना शीटवर कसे होते याच्याशी याचा संबंध नाही.

ही रीत किती महत्त्वाची आहे ते 15 ऑगस्ट 1949 रोजी आलेल्या पुरातत्त्व मालिकेत दिसते. 1 रुपयावर चित्तोडचा विजयस्तंभ आहे आणि 10 रुपयांवर कुतुबमिनार. दोन्ही उभी तिकिटे आणि दोन्हींचे माप 14×13½. 2 रुपयांवर लाल किल्ला, 5 रुपयांवर ताजमहाल. ही आडवी तिकिटे आणि माप 13½×14. तिकिटाची लांब बाजू दोन्हीकडे 13½ आहे आणि आखूड बाजू 14. चित्र आडवे झाले म्हणून आकड्यांचा क्रम उलटला, एवढेच. 1947 च्या स्वातंत्र्याच्या मालिकेतही हेच: अशोकस्तंभाचे दीड आण्याचे तिकीट 14×13½, तर तिरंग्याचे साडेतीन आण्यांचे आणि विमानाचे बारा आण्यांचे 13½×14. आकडे उलटे लिहिले की नसलेला प्रकार सापडल्याचा आनंद होतो, आणि तो फार टिकत नाही. त्याच पुरातत्त्व मालिकेत 15 रुपयांचे शत्रुंजयाचे तिकीट मात्र चारही बाजूंनी 13 आहे, आणि 3 पै ते 2 आणे या छोट्या किमती 14.

लहान तिकिटाची आडवी बाजू जेमतेम 20 मिमी असते. एवढ्या लांबीत 14 आणि 13½ यांच्यात एकूण अर्ध्या छिद्राचा फरक पडतो. त्याला गेज पुरत नाही असे वाटले तर हिशोब करा. पहिल्या छिद्राच्या मध्यापासून शेवटच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा, मधली अंतरे मोजा, आणि अंतरांच्या संख्येला 20 ने गुणून मिलिमीटरने भागा. 16 अंतरे 23.7 मिमीत बसत असतील तर 320 भागिले 23.7, म्हणजे 13.5. अंतरे मोजायची, छिद्रे नव्हेत. 17 छिद्रांत 16 अंतरे असतात. इथली एकाची चूक उत्तर जवळजवळ एका पूर्ण मापाने हलवते.

स्कॅनर असेल तर हा हिशोब आणखी अचूक होतो. तिकीट काळ्या कार्डासह 1200 डीपीआयवर स्कॅन करा. या घनतेत 20 मिमी म्हणजे सुमारे 945 पिक्सेल. कुठल्याही चित्रे पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या आणि शेवटच्या छिद्राच्या मध्याचे पिक्सेल वाचा. 18 अंतरे 1260 पिक्सेलमध्ये आली तर 18 गुणिले 945 भागिले 1260, उत्तर 13.5. फक्त आधी स्टीलची पट्टी स्कॅन करून बघा, कारण काही स्कॅनर काच ज्या दिशेने वाचतात त्या दिशेत चित्र किंचित ताणतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने हे करू नका. भिंग वाकडे असते आणि कडेची छिद्रे मधल्यांपेक्षा वेगळी पडतात.

कॅटलॉगशी ताडताना लक्षात ठेवा की सगळे कॅटलॉग सारखे गोल करत नाहीत. गिबन्स अर्ध्यापर्यंत गोल करतो, जर्मन कॅटलॉग मिखेल पावापर्यंत जातो. तुमचे 13.7 आले आणि एकात 13½, दुसऱ्यात 13¾ दिसले तर तिकीट एकच आहे. गेजवर 0.1 ते 0.2 चा फरक कागदाच्या आकसण्यातही पडतो. त्यावरून नवा प्रकार जाहीर करू नये.

माप का बदलत गेले

छिद्रे पाडण्यात पोस्टाची अडचण कायम तीच राहिली. छिद्रे जवळजवळ पाडली तर शीट हाताळतानाच सुटते, दूर पाडली तर तिकीट फाटते. 1840 ची पेनी ब्लॅक, म्हणजे ब्रिटनचे पहिले टपाल तिकीट, बिनछिद्रांची होती, कात्रीने कापावी लागे. हेन्री आर्चरने छिद्रे पाडण्याचे यंत्र बनवले, ब्रिटिश सरकारने 1853 मध्ये त्याचे हक्क 4000 पौंडांना घेतले आणि 1854 मध्ये तिच्यानंतरची लाल पेनी रेड 16 पर्फने बाहेर पडली. 16 फार दाट ठरले, शीट सुटू लागली, म्हणून 1855 मध्ये 14 आले. पेनी रेडचे 16 आणि 14 हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि साध्या गेजवर ते झटकन ओळखू येतात. त्या प्लेटा बिनछिद्री तिकिटांसाठी कोरलेल्या होत्या, तिकिटांमधली जागा अगदी चिंचोळी. म्हणून छिद्रे चित्रात घुसलेली प्रत ही त्या काळची सर्वसाधारण गोष्ट आहे, तिला ‘छिद्रे सरकलेली चूक’ म्हणून जादा पैसे देऊ नका.

अमेरिकेत वॉशिंग्टन-फ्रँकलिनच्या तिकिटांवर हीच कहाणी उलट-सुलट घडली. आधी 12, तिकिटे आपोआप सुटतात म्हणून 1914 मध्ये 10, 10 फाडायला जड म्हणून 1917 मध्ये 11. रोटरी छपाईच्या तिकिटांत पुढे 11×10½ स्थिरावले. अमेरिकेची ती जुनी तिकिटे दिसायला जवळपास सारखी असल्याने पर्फ हाच त्यांचा मुख्य ओळखपट्टा आहे. त्यांच्यासाठी किउसालस नावाचा वेगळा गेज वापरतात, तो सुयांच्या अंतरावर, इंचाच्या हजारांशात बेतलेला आहे.

भारताच्या जुन्या तिकिटांत मात्र पर्फ फारसे काही उघड करत नाही. 1852 चे सिंध डाक आणि 1854 ची कलकत्त्याची शिळाछापाची तिकिटे बिनछिद्री. त्यानंतर लंडनच्या डे ला रू कंपनीने छापलेल्या तिकिटांपासून 14 सुरू झाले आणि दीर्घकाळ 14 च राहिले. नाशिक रोडच्या सुरक्षा छापखान्यात 1926 पासून तिकिटे छापू लागली, तेव्हाही पाचव्या जॉर्जच्या नेहमीच्या तिकिटांचे माप 14 च राहिले. लंडन आणि नाशिक यांच्यातला फरक जलचिन्हात आहे: लंडनच्या तिकिटात प्रत्येकी एक तारा, नाशिकच्या कागदावर अनेक ताऱ्यांची नक्षी. तिथे गेज घेऊन तासभर बसण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः 1979 पासूनच्या शेती-विकासाच्या नित्य (रोजच्या वापराच्या) मालिकेत, परिस्थिती बदलते: एकच चित्र वेगवेगळ्या पर्फमध्ये आणि वेगवेगळ्या जलचिन्हाच्या कागदावर आले. तिथे दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्याशिवाय क्रमांक ठरत नाही. रुपयाला डझनाने मिळणाऱ्या त्या तिकिटांतच सध्या शोधण्यासारखे सर्वांत जास्त आहे, असे आमचे मत आहे.

संस्थानांची तिकिटे ही वेगळीच मेजवानी. त्रावणकोरमध्ये 12, 12½ आणि त्यांची मिश्रणे येतात, कोचीनच्या 1940 च्या दशकातल्या तिकिटांत 11 आणि 13×13½. गोव्यात 1871 पासून स्थानिक छापलेल्या पोर्तुगीज भारताच्या तिकिटांची छिद्रे इतकी ओबडधोबड आहेत की एकाच बाजूवर माप बदलत जाते. अशा वेळी कॅटलॉग ‘अमुक ते अमुक’ असा पल्ला देतो. सुया असमान अंतरावर बसवल्या होत्या, असा त्याचा अर्थ. दोन मापांचा जोड वाचायचा तो फक्त मध्ये × चिन्ह असेल तेव्हा. 1911 मध्ये त्याच पोर्तुगीज भारताने जुन्या तिकिटांच्या मधोमध उभी छिद्रांची ओळ पाडली आणि दोन्ही अर्ध्यांवर नवी किंमत छापली. त्याच्या सुट्या अर्ध्याची तीन बाजूंची छिद्रे जुनी आणि चौथ्या बाजूची नवी असतात, हे माहीत नसेल तर ते तुकडे बनावट वाटतील.

ब्रिटिश वसाहतींच्या 1860 च्या दशकातल्या तिकिटांत, उदाहरणार्थ सिलोनच्या, कॅटलॉग स्वच्छ कापलेली, मध्यम आणि खडबडीत अशा तीन जाती करतो. माप तेच, फक्त यंत्राच्या सुया झिजत गेल्या. स्वच्छ म्हणजे छिद्राची कड गोल आणि मोकळी. खडबडीत म्हणजे कागदाची टिकली अर्धी लटकलेली, दात्यांना लव फुटलेली. इथे गेज बाजूला ठेवा, भिंगावर भरवसा ठेवा.

चुकीच्या छिद्रांचे प्रकार

सुई तुटली की छिद्र गाळले जाते. कॉम्बमध्ये तीच सुई प्रत्येक ठोक्याला चुकते, म्हणून खालच्या-वरच्या तिकिटांवर त्याच जागी जाड दाता येतो. उभी जोडी सापडली तर हे ठामपणे दाखवता येते. एक ओळच राहून गेली तर दोन तिकिटांमध्ये छिद्र नाही, बाहेर मात्र सगळीकडे आहेत, अशी ‘मध्ये बिनछिद्री’ जोडी तयार होते. ती मौल्यवान. पण तिची एक स्वस्त जुळी बहीण आहे: अंध छिद्रे. सुया बोथट होत्या, कागदावर खूण उठली पण टिकली पडली नाही. जोडी उलटी करून खिडकीच्या उजेडात अगदी तिरपी धरा. गोल दाबखुणांची रांग दिसली तर ती बिनछिद्री जोडी नव्हे. विकणाऱ्याने सांगितले नसेल तरी हे आपण तपासायचे, कारण भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

न्यूझीलंडच्या 1901 च्या काळातल्या 1 पेनीच्या तिकिटांत आणखी एक विलक्षण प्रकार आहे. वाईट पडलेली छिद्रे मागून कागदाची पट्टी चिकटवून बुजवली आणि त्याच शीटला वेगळ्या मापाने पुन्हा छिद्रे पाडली. 11 आणि 14 ची छिद्रे एकाच कडेला दिसतात, मागे पट्टी असते. ती पट्टी दुरुस्ती समजून कोणी सोलून काढली की पुरावाच जातो.

नेदरलँड्सच्या 1925 पासूनच्या काही तिकिटांत ठरावीक जागी छिद्रे मुद्दाम गाळलेली आहेत. विक्रीयंत्रातून निघताना तिकिटे सुटू नयेत म्हणून ती सोय होती. ब्रिटनने 1993 पासून राणी एलिझाबेथच्या ‘मेचिन’ नावाच्या नित्य तिकिटांच्या उभ्या बाजूंवर एकेक लंबगोल छिद्र ठेवले, नकली तिकिटे रोखण्यासाठी. ही दोन्ही ठरवून केलेली रचना आहे, चूक नव्हे.

छिद्र न पाडता कागद फक्त चिरला असेल तर त्याला रुलेट म्हणतात. त्यात कागद वजा होत नाही, म्हणून दात्यांऐवजी सरळ चिरा किंवा लाटा दिसतात. फिनलंडच्या 1860 पासूनच्या तिकिटांची नागमोडी कड त्यातली सर्वांत ओळखीची. आणि तिकिटाच्या मधोमध छिद्रांनी अक्षरे काढलेली दिसली तर ती पर्फिन: चोरी टाळण्यासाठी व्यापारी पेढ्या आणि बँका आपली आद्याक्षरे पाडून घेत. मुंबईच्या जुन्या पत्रव्यवहारात ती बरीच येतात. ती पर्फोरेशनच्या मापात धरायची नाहीत.

नकली दाते, कापलेले दाते

दाते असलेल्या तिकिटाच्या चारही कडा कापून ‘बिनछिद्री’ म्हणून विकणे ही सर्वांत सोपी फसवणूक. खऱ्या बिनछिद्री तिकिटाची कागदाची मापे दाते असलेल्या तिकिटापेक्षा मोठीच भरली पाहिजेत. दातेरी तिकीट वर ठेवून बघा. बिनछिद्री प्रत त्याच्या दात्यांच्या टोकांपर्यंतही पोहोचत नसेल तर ती नाकारा. बिनछिद्री प्रकार शक्यतो जोडीतच घ्यावा.

उलट दिशेची फसवणूक म्हणजे कोरी कड असलेल्या तिकिटाला नवे दाते पाडणे. खरे तिकीट शीटमधून फाडून सुटते. त्यामुळे दात्यांच्या टोकांना तुटलेल्या तंतूंची लव असते. नकली दात्यांची टोके सपाट, कात्रीने छाटल्यासारखी. समोरासमोरच्या दोन कडा एकमेकींशी समांतर आहेत का ते बघा, छिद्रांचा व्यास दोन्हीकडे सारखा आहे का ते बघा. तिकिटाची रुंदी त्याच मालिकेच्या दुसऱ्या प्रतीपेक्षा एखाद्या मिलिमीटरने कमी असेल तर नवे दाते कापून घेतलेले असण्याची शक्यता दाट होते.

1948 च्या गांधीजींच्या मालिकेला, खास करून 10 रुपयांच्या तिकिटाला, हे सगळे लागू होते. ती मालिका स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉझिए छापखान्यात छापली आणि चारही किमतींचे माप 11½ आहे. दाखवलेली प्रत 11½ नसेल तर तिथेच थांबा. 11½ असली म्हणजे ती खरी ठरली असे मात्र नाही. मग छपाईचे बारीक ठिपके, कागद आणि डिंक बघायचा. सरकारी वापरासाठी SERVICE असा छाप मारलेल्या 10 रुपयांच्या प्रती तर जगात अवघ्या 100 छापल्या गेल्या. त्या प्रकाराचा दावा असेल तर नुसत्या गेजवर निर्णय कधीच घेऊ नका, तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र मागा.

मोजलेले आकडे तिकिटामागे लिहू नका. अल्बमच्या पानावर पेन्सिलने, तिकिटाखाली, माप आणि यंत्र दोन्ही लिहा: ‘14×13½, कॉम्ब’ किंवा ‘12, रेषा’. यंत्राची शंका असेल तर प्रश्नचिन्ह ठेवा आणि जास्त प्रती जमल्यावर पुन्हा बघा. आणि चारचा ब्लॉक किंवा कडेसकट पट्टी हाती असेल तर दोन-चार सुटी तिकिटे मिळावीत म्हणून ती फाडू नका. मधल्या छेदाचे एक छिद्र, सांध्यावरचा दाता आणि कडेच्या पट्टीतली वाढीव छिद्रे फक्त तिथेच शाबूत असतात. सुटे झाले की ती पुन्हा जुळवता येत नाहीत.